ओळख पटवायची, तीही रेंज नसताना

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गझल लिहिणारा शेवटच्या शेरात आपलं टोपणनाव गुंफतो. त्या शेराला मक्ता म्हणतात. आपल्या अभंगांतही तीच रीत आहे. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ आलं की अभंग कोणाचा, ते ऐकणाऱ्याला कळलं. ही झाली नाममुद्रा. पण तिच्यात एक मोठी खोट आहे. नाव कोणीही लिहू शकतो. तुकोबांच्या नावावर नंतरच्या लोकांनी काय काय घुसडलं, याचा निवाडा करता करता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. हल्ली तर सकाळी मोबाइल उघडला की गालिबच्या नावावर असे शेर येऊन पडलेले असतात, की ते वाचून गालिबची नव्हे, पाठवणाऱ्याची कीव यावी. व. पु. काळ्यांचीही यातून सुटका नाही.

आता कल्पना करा, की एखादी नाममुद्रा अशी आहे, जी प्रत्येक कवितेसाठी वेगळी निघते. कवितेतला एक काना जरी बदलला तरी ती निखळून पडते. एका कवितेवरची काढून दुसरीवर चिकटवता येत नाही. आणि ती खरी की खोटी, हे कवीला पत्र न पाठवता, फोन न करता, जागच्या जागी कोणालाही पाहता येतं. कवितेसाठी अशी मुद्रा वापरणारा कवी मला अजून भेटलेला नाही. पण तुमच्या-माझ्या आधारच्या कागदावर ती आहे. नव्या पासपोर्टच्या मागच्या पुठ्ठ्यात आहे. आज तिच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्याचं कारण आहे रेंज.

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की आमचं पातूर लागतं. पातूर मागे पडलं की घाट सुरू होतो आणि मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गळायला लागतात. या डोंगराकडच्या एका गावात रेशनच्या दुकानापाशी मी काही वेळ उभा होतो. दुकानदार अंगठ्याचं मशीन हातात घेऊन ओट्यावर चढला, खाली उतरला, लिंबाखाली गेला, परत आला. समोर पिशवी घेऊन एक म्हातारी बसलेली. तो म्हणाला, “मावशी, रेंजच नाही त काय करू? सांजच्याला येजा.” म्हातारी काही उठली नाही. ती म्हणाली, “काऊन रे, तुह्या लग्नात म्या पोया लाटल्या, अन् आता मी कोन हावो हे तुले माईत नाही?” दुकानदार म्हणाला, “मले माईत हाये मावशी, मशीनले माईत नाही न.”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. दुकानदाराला माहीत आहे, पण मशीनला नाही, आणि मशीनला ज्याला विचारायचं तो फार लांब आहे.

किती लांब, ते बघा. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून आपल्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुलीभोवतीची नक्षी आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती भांडारात साठवलेली आहे. त्याची संगणक केंद्रं बंगळुरूला आणि हरियाणात मानेसरला आहेत. म्हातारीने अंगठा ठेवला की मशीन तो ठसा कुलूपबंद करून तिकडे पाठवतं. तिकडे मूळ ठशाशी ताडून पाहतात आणि उलट निरोप येतो, होय किंवा नाही. रेंज असली तर दोन-चार सेकंदांचा खेळ. रेंज नसली तर होयही नाही आणि नाहीही नाही, नुसती म्हातारी बसलेली.

आणि रेंज असली तरी एक गोष्ट उरतेच. प्रत्येक वेळी वर विचारलं की वर नोंद राहते, की या माणसाची या वेळी पडताळणी झाली. या नोंदी ५ वर्षं ठेवायचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात तो रद्द करून ६ महिन्यांवर आणला. म्हणजे न विचारता ओळख पटवता आली, तर रेंज नसलेल्या गावाची सोय होते आणि रेंज असलेल्या शहरातल्या माणसाचा खासगीपणाही राखला जातो.

पण वर न विचारता खरं-खोटं कसं कळणार? आपल्याकडे याचा एक जुना उपाय आहे, शिक्का. मोडी पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असायची आणि मजकूर संपला तिथे मोर्तब व्हायचं. हे शेवटचं मोर्तब मला फार आवडतं. पत्र इथे संपलं, याच्याखाली कोणी ओळ घुसडू नये, म्हणून ते. शिक्का ओळखणारा माणूस गडावर असला की झालं, राजाला विचारायला स्वार धाडायचं कारण नाही. फक्त शिक्का हुबेहूब कोरणारा कारागीर भेटला, की बंदोबस्त कोसळला.

गणिताने ही अडचण सोडवली, ती अलीकडे. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक विचित्र वाटणारी कल्पना मांडली, जोडचाव्यांची. एका चावीने लावलेलं कुलूप फक्त तिच्या जोडीच्या दुसऱ्या चावीने उघडतं. एक चावी स्वतःजवळ दडवून ठेवायची, दुसरी गावभर वाटायची. वाटलेल्या चावीवरून दडवलेली चावी घडवता येऊ नये, ही अट. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात उतरवली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. तिची भिस्त एका साध्या गोष्टीवर आहे. ८९ गुणिले ९७ किती, हे शाळकरी पोर कागदावर करून ८६३३ सांगेल. पण ८६३३ हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार, हे उलट विचारलं तर त्याची दुपार जाईल. संख्या सहाशे आकड्यांची असली, तर आजच्या संगणकांचं आयुष्य जाईल.

आता नाममुद्रा अशी उमटते. मजकुरावर एक ठरावीक गणित करून त्याचा लहानसा आकडी गोषवारा काढतात. मजकूर चार ओळींचा असो की चारशे पानांचा, गोषवारा ठरलेल्या लांबीचाच येतो. मजकुरात ‘शेख’चं ‘शेक’ झालं तरी गोषवारा पार बदलतो. हा गोषवारा देणाऱ्याने आपल्या दडवलेल्या चावीने कुलूपबंद करायचा आणि मजकुराला जोडायचा. तपासणारा काय करतो? वाटलेल्या चावीने कुलूप उघडतो, आतला गोषवारा बघतो, समोरच्या मजकुराचा स्वतः काढतो. दोन्ही जुळले तर कागद अस्सल. एवढं सगळं साध्या फोनमध्ये डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं. ना बंगळुरू, ना मानेसर. आपल्या देशात अशा डिजिटल सहीला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिलेली आहे.

आधारच्या कागदावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दाट चौकट असते, तो क्यूआर कोड. २०१८ पासून त्यात अशी सही येऊ लागली. चौकटीत नाव, जन्मतारीख, पत्ता आणि बारीकसा फोटो असतो आणि शेवटी प्राधिकरणाची सही. पूर्ण आधार क्रमांक नसतो, शेवटचे चार आकडे तेवढे असतात. प्राधिकरणाच्या अॅपमधून ती चौकट फोनने टिपली, की मजकूर आणि फोटो पडद्यावर येतो आणि सही जुळली की नाही, तेही कळतं. कागदावर कोणी फोटो बदलला असेल, पत्ता खोडून दुसरा छापला असेल, तर चौकटीतला मूळ मजकूर त्याची चहाडी करतो. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन या इंटरनेटविना पडताळणीला जागा मिळाली. अशी पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक घेऊ नये, साठवू नये, असंही त्यात आहे.

आणि आपण काय करतो? लॉजवर झेरॉक्स देतो, पूर्वी सिमकार्डालाही झेरॉक्स द्यायचो. ती कोणत्या कपाटात जाते आणि कोणत्या रद्दीतून बाहेर येते, अल्लाला माहीत. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने, अशा झेरॉक्स देऊ नका, त्यांचा गैरवापर होऊ शकतो, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. मला विचाराल तर मागे घ्यायला नको होतं. झेरॉक्सवरून काहीच सिद्ध होत नाही. जो पुरावा आहे तो त्या चौकटीत आहे, आणि झेरॉक्स मागणारा तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

तरी ही सही एवढंच सांगते, की कागद अस्सल आहे. तो कागद घेऊन आलेला माणूस अस्सल आहे का, हे ती सांगत नाही. अस्सल कागदाची अस्सल प्रत दुसऱ्याच्याही खिशात असू शकते. फोटो आणि चेहरा डोळ्यांनी ताडायचा, हा एक मार्ग. पण दोन यंत्रांनीच एकमेकांची ओळख पटवायची असेल तर पुढची पायरी लागते, आणि तिथे मला आमच्या कविसंमेलनांतली समस्यापूर्ती आठवते. दुसऱ्याच्या कविता पाठ करून कवी म्हणून मिरवणारे असतात, त्यांना पकडायचं कसं? व्यासपीठावर आयत्या वेळी एक ओळ द्यायची आणि म्हणायचं, कर पुरी. पाठांतरवाला तिथे उघडा पडतो. यंत्रंही असंच करतात. तपासणारं यंत्र त्या क्षणी मनाला येईल तो एक आकडा पुढे करतं आणि म्हणतं, यावर तुझ्या दडवलेल्या चावीने सही कर. प्रत वापरणाऱ्याजवळ मजकूर असतो, चावी नसते. चावी चिपच्या पोटात असते आणि तिथून बाहेर काढताच येत नाही. कालची सही आज चालत नाही, कारण आजचा आकडा वेगळा.

हे नागपूरमार्गे आपल्या वऱ्हाडापर्यंत पोहोचलं आहे. चिपचा पहिला भारतीय पासपोर्ट २५ जून २००८ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती, अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. सामान्य माणसाची पाळी यायला पुढे पंधरा-सोळा वर्षं लागली. १ एप्रिल २०२४ पासून नागपूर आणि भुवनेश्वर इथे प्रायोगिक सुरुवात झाली. त्या पासपोर्टच्या मागच्या पुठ्ठ्यात चिप आणि तारेचं बारीक वेटोळं आहे. बॅटरी नाही. वाचणाऱ्या यंत्राजवळ नेलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते. पण जागी झाली म्हणून बोलत नाही. आधी पासपोर्ट उघडून फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी यंत्राला दाखवाव्या लागतात. त्यांतल्या पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीच्या तारखेवरून तयार होणारी किल्ली दिली, तरच ती तोंड उघडते. म्हणजे गर्दीत तुमच्या खिशाजवळ यंत्र धरून कोणी माहिती चोरू म्हणेल, तर दार बंद. मग यंत्र देशाची सही तपासतं. कोणत्या चावीवर विसंबायचं, हे देशांनी एकमेकांना आधीच कळवलेलं असतं.

ही साखळी समजायला मला माझ्या घरातला शब्द उपयोगी पडला. हदीसच्या अभ्यासात नुसतं वचन कोणी मानत नाही. हे तू कोणाकडून ऐकलंस, त्याने कोणाकडून, त्याच्या आधी कोणी, अशी पैगंबरांपर्यंत साखळी द्यावी लागते. तिला सनद म्हणतात. एक कडी कच्ची निघाली की सारं वचन कमकुवत. मराठीत सनद म्हणजे सरकारी हक्काचा कागद. एकच शब्द दोन वाटांनी आला, आणि पासपोर्टच्या चिपमध्ये दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पासपोर्टवरच्या सहीला वरची सही, तिला देशाच्या मूळ चावीची ग्वाही.

पण गरिबाच्या हाती अशी चिप याच्या पुष्कळ आधी आली होती, हे आपण विसरलो. १ एप्रिल २००८ पासून केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बिमा योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला, पाच माणसांपर्यंत, वर्षाला ३०,००० रुपयांचे दवाखान्याचे उपचार. नोंदणी ३० रुपये. ही योजना आपल्या अमरावती जिल्ह्यातही राबवली गेली. तिचं कार्ड गावातच, शिबिरात, जागेवर छापून मिळायचं. कुटुंबाच्या बोटांचे ठसे त्या कार्डातच असायचे. कोणी परस्पर बोगस कार्डं छापू नयेत म्हणून गावपातळीचा एक सरकारी कर्मचारी हजर लागे, त्याच्याजवळ स्वतःचं चावीचं कार्ड. ते मशीनला लागून त्याचा अंगठा पटला, तरच कुटुंबाचं कार्ड चालू व्हायचं. दवाखान्यात कार्ड घातलं, बोट ठेवलं, की कार्डातला ठसा आणि समोरचं बोट तिथल्या तिथे जुळायचं. खर्च झालेली रक्कमही कार्डातूनच वजा व्हायची. तार जोडलेली असायलाच हवी, असं नव्हतं, नोंदी मागाहून पाठवता यायच्या. योजनेत दोष होते, पण ओळखीचा हा भाग मला आजही शहाणपणाचा वाटतो. माणसाचा ठसा माणसाजवळच राहत होता. २०१८ मध्ये ही योजना आयुष्मान भारतमध्ये विलीन झाली आणि कार्डंही गेली.

आता तीच कल्पना फोनमध्ये आली आहे. मोबाइलमधल्या वाहन परवान्यासाठी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, आयएसओ १८०१३-५. त्यात माझा फोन एक क्यूआर कोड दाखवतो. समोरचा फोन तो टिपतो, दोघे ब्लूटूथवर किंवा फोन फोनला टेकवून आपसात गुपित बोली ठरवतात. डिफी-हेलमन यांचीच करामत. मग माहिती जाते. गंमत अशी, की सगळी माहिती देण्याची सक्ती नाही. देणाऱ्याने नाव, पत्ता, जन्मतारीख अशी प्रत्येक ओळ जणू वेगळ्या पाकिटात घालून, सगळ्या पाकिटांच्या यादीवर एक सही केलेली असते. मी एकच पाकीट उघडून देतो. अठरा वर्षं पूर्ण आहेत का? आहेत. घर कुठे, बापाचं नाव काय, याच्याशी विचारणाऱ्याला काय करायचं आहे? माहिती निवडून दाखवण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या आधारच्या नव्या अॅपमध्येही आहे. नावावरून, मोहल्ल्यावरून माणसाची किंमत ठरवणारे लोक ज्यांनी घर भाड्याने शोधताना पाहिले आहेत, त्यांना या पाकिटांचं मोल जास्त समजेल.

एक सावधगिरी मात्र हवी. दाखवणाऱ्याच्या फोनवर हिरवी खूण आली म्हणून मानू नका. तपासायचं ते तपासणाऱ्याने आपल्या फोनवर. हे किराणा दुकानदारांना शिकवावं लागत नाही. पैसे पाठवल्याचं खोटं चित्र दाखवून माल नेणारे त्यांनी बघितले आहेत, म्हणून तर गल्ल्याजवळ बोलका डबा ठेवतात.

उणीवही आहे. सही सांगते, की लिहिलं तेव्हा हे खरं होतं. त्यानंतर परवाना रद्द झाला, फोन चोरीला गेला, तर रेंज नसलेल्या यंत्राला ते कसं कळणार? त्याने मधूनमधून रेंजमध्ये जाऊन रद्द झालेल्यांची यादी आणायला हवी. आठवडी बाजाराला गेलो की आपण मीठ-मिरची आणतो, तशी. आठ दिवसांची यादी चालेल की आठ तासांची, हे कामावर ठरतं. विमानतळाचं मोजमाप पाच किलो गव्हाला लावू नये.

मग रेशनला हे का नाही? तांत्रिक अडचण मोठी नाही. खरं कारण निराळं आहे. तो अंगठा म्हातारीची ओळख पटवण्यासाठी जेवढा आहे, तेवढाच दुकानदारावर पहारा म्हणूनही आहे. धान्य खरोखर दिलं की परस्पर विकलं, याचा पुरावा सरकारला हवा. हे बरोबरच आहे. वऱ्हाडात काळ्या बाजाराच्या गोष्टी कोणाला सांगायला नकोत. पण हा पुरावाही जागेवर तयार होऊ शकतो. कार्डाने पावतीवर सही करायची, मशीनने ती जपून ठेवायची आणि संध्याकाळी रेंजमध्ये गेल्यावर पाठवायची. आज होतं असं, की शंका दुकानदारावर आणि हेलपाटा म्हातारीला. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यांना लेखी कळवलं आहे, की ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्या आणि नोंद ठेवा. दुकानाच्या पाटीवर भाव लिहितात, त्याच्या शेजारी हे लिहायला खडू पुरतो.

ठशाचीही एक गोष्ट आहे. कापूस वेचून, निंदण करून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. रेंज पूर्ण असली तरी मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. अशा बोटांसाठी चौकटीतला फोटो आणि तपासणाऱ्याचे दोन डोळे, हा मार्ग उलट अधिक भरवशाचा.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आधारचा कागद एकदा काढून बघा. घडी बरोबर त्या ठिपक्यांच्या चौकटीवरून गेली असेल, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन ठिपके एकमेकांत मिसळले असतील, तर फोन ती वाचू शकणार नाही. ऑनलाइन केंद्रावरून नवा कागद चांगल्या प्रिंटरवर मोठा छापून घ्या, चौकट मोकळी राहील असा, आणि एकदा तिथेच त्यांच्यासमोर फोनने टिपून बघा.